खुर्ची कोणी केली?

मराठीत 'खुर्ची' हा शब्द उच्चारला की लाकूड क्वचितच आठवते. अरबी-फारसीकडून आलेला हा शब्द आपल्याकडे स्थिरावला तो सत्तेचा प्रतिशब्द म्हणून. खुर्ची मिळते, टिकते, डळमळते आणि जाते. माणसे खुर्चीला चिकटून बसतात, खुर्चीसाठी पक्ष बदलतात. या साऱ्या वाक्प्रयोगांत खुर्चीवर कोण बसले आहे एवढाच काय तो प्रश्न असतो. ती कोणी केली, हा प्रश्न आपल्या भाषेने खुर्चीला विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. व्याकरणाच्या तासाला आम्ही रोज 'वाक्यातला कर्ता ओळखा' असे म्हणत असतो. खुर्चीच्या बाबतीत मात्र आपण सगळेच कर्मणी प्रयोगात बोलतो : खुर्च्या मागवल्या गेल्या, मांडल्या गेल्या, उचलल्या गेल्या. कर्ता लुप्त.

हा लुप्त कर्ता आम्हांला खटकू लागला त्याचे निमित्त देहूरोडला सापडले. आम्ही दोघेही या परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. देहू आणि देहूरोड ही नावे बाहेरच्या माणसाला एकाच गावाची वाटतात; प्रत्यक्षात एक तुकोबांचे गाव आहे आणि दुसरे लष्कराची छावणी. या छावणीतील डेपोतून निवृत्त झालेल्या एका परिचित गृहस्थांकडे आम्ही एकदा गेलो असता त्यांनी बसायला एक जुनी खुर्ची पुढे केली. फार वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेली. चार कातीव पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या काठ्या, बैठकीला आणि पाठीला जाड कॅनव्हास, हातांच्या जागी चामड्याचे दोन पट्टे. पायांना कोठे खिळा नाही, स्क्रू नाही, सरसही नाही. काठ्यांची निमुळती टोके पायांतल्या तशाच निमुळत्या भोकांत नुसती बसवलेली. रिकामी असताना खुर्ची खिळखिळी वाटते. माणूस बसला की त्याच्याच वजनाने कॅनव्हास ताणला जातो, सांधे आवळले जातात आणि खुर्ची घट्ट होते. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय आपापली पातळी शोधतात. उठल्यावर पट्टे सोडवावेत, काठ्या ओढाव्यात, आणि सगळी खुर्ची एका पिशवीत घालून चालू लागावे. "हिला रुरकी म्हणतात," गृहस्थ म्हणाले.

रुरकी हे आजच्या उत्तराखंडातले गाव. १८४७ साली तेथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. आपल्या खडकीला जसे बॉम्बे सॅपर्सचे ठाणे, तसे रुरकीला बंगाल सॅपर्सचे. तेथील लष्करी वातावरणात, साधारण १८९८ च्या सुमारास, मोहिमेवर न्यायच्या या घडीच्या खुर्चीचा नमुना रूढ झाला आणि गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. इंग्रजी फौजांबरोबर ती दक्षिण आफ्रिकेत गेली, पुढे शिकारी मोहिमांच्या तंबूंतून सर्वत्र पसरली. ती पहिल्यांदा कोणी जुळवली? कोण्या साहेबाने कागदावर आखली, की कोण्या हिंदुस्थानी सुताराने कातावर पाय कातता कातता तिची युक्ती शोधली? खुर्चीने फक्त गावाचे नाव धरून ठेवले.

या रुरकीचा पुढचा प्रवास आम्हांला थेट डेन्मार्कला घेऊन गेला. १९३३ मध्ये कोरे क्लिंट या डॅनिश वास्तुरचनाकाराने हाच नमुना घेऊन, त्याची मापे आणि प्रमाणे नव्याने बसवून, 'सफारी खुर्ची' तयार केली. ती आज डॅनिश फर्निचरच्या अभिजात वस्तूंत गणली जाते. क्लिंट यांनी उचलेगिरी केली असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. १९२४ मध्ये कोपनहेगनच्या राजेशाही कला अकादमीत त्यांनी फर्निचरचे शिक्षण सुरू केले, त्याचा पायाच मुळी परंपरेच्या अभ्यासावर होता. विद्यार्थ्यांनी जुन्या चांगल्या खुर्च्या मोजाव्यात, त्यांचे सांधे समजून घ्यावेत, माणसाच्या शरीराची आणि घरातल्या वस्तूंची मापे घ्यावीत आणि मगच आपली रेघ ओढावी, असा त्यांचा आग्रह. आपण विद्यार्थ्यांना आधी ओवी-अभंग वाचा आणि मग मुक्तछंदाकडे वळा असे सांगतो, त्याच जातीचा हा आग्रह आहे. तेव्हा रुरकीची सफारी होणे हे परंपरेचे नूतनीकरणच म्हणावे लागेल. फरक पडला तो एका गोष्टीत : निनावी वस्तूला नाव मिळाले, आणि ते शेवटच्या हाताचे मिळाले.

मात्र याच डेन्मार्कने या प्रश्नाचे एक वेगळे उत्तरही देऊन ठेवले आहे, आणि आमच्या मनात खरे घर केले ते त्याने. कारखान्यात तयार होणाऱ्या स्वस्त फर्निचरपुढे हातकामाचे सुतार टिकणार कसे, ही चिंता कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाला विसाव्या शतकाच्या आरंभी पडली होती. त्यातून १९२७ पासून १९६६ पर्यंत, सलग चाळीस वर्षे, संघाने दरवर्षी प्रदर्शन भरवले. आखणारा आणि घडवणारा यांनी जोडीने वस्तू मांडावी अशी रीत तेथे पडली. त्यामुळे डॅनिश फर्निचरच्या इतिहासात नावे जोडीने येतात : फिन यूल यांच्याबरोबर सुतार नील्स वोडर, हान्स वेग्नर यांच्याबरोबर सुतार योहानेस हान्सेन. चित्रकाराच्या नावाशेजारी चौकट करणाऱ्याचे नाव लिहावे तसला हा औपचारिक उल्लेख नव्हे. कागदावरची वळणदार रेघ लाकडाच्या रेषांना पेलेल की नाही, हे सांगणारा दुसरा अधिकारी तेथे उभा असे, आणि त्याच्याशी वाद घालूनच खुर्ची पुरी होई.

वेग्नर (१९१४–२००७) यांनी १९४९ मध्ये आखलेली एक खुर्ची या परंपरेची कळसवस्तू मानली जाते. अमेरिकेत तिला नुसते 'द चेअर' म्हटले जाऊ लागले. १९६० च्या केनेडी-निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेत तीच वापरली गेली. म्हणजे तीही शेवटी सत्तेच्या मंचावर गेलीच! पण आम्हांला तिच्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. या खुर्चीचे हात आणि पाठ मिळून एकच अर्धवर्तुळ होते. इतके मोठे वळण एका फळीतून निघत नाही. ते तुकडे जोडून करावे लागते. पहिल्या खुर्च्यांत पाठीवरचे सांधे दिसू नयेत म्हणून त्यांवर वेताची पट्टी गुंडाळलेली होती. लवकरच वेग्नर यांनी ती पट्टी काढून टाकली, आणि दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसा दातेरी सांधा सरळ उघडा ठेवला. जोड लपवायचा नाही, तो इतका चांगला करायचा की तोच पाहत राहावा.

आपल्याकडे असे झाले नाही याचे उदाहरण शोधायला फार मागे जावे लागत नाही. चंडीगढ वसवले जात असताना, १९५० च्या दशकात, तेथील कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या झाल्या. पुढे त्या मोडक्या सामानात गेल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या, आणि नंतर परदेशांतील लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागल्या. तेव्हा २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. या खुर्च्या पिअर जानरे यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या भारतीय वास्तुरचनाकारांची, उदाहरणार्थ यूली चौधरी यांची, नावे अलीकडे घेतली जाऊ लागली आहेत. ज्यांनी रंधा मारला त्यांची नावे मात्र अद्याप कोणत्याही बोलीत ऐकू आलेली नाहीत. खुर्च्यांच्या मागे रंगाने लिहिलेले कार्यालयाचे नाव आणि क्रमांक तेवढे आहेत. म्हणजे मालकाची नोंद आहे, कर्त्याची नाही.

येथे देहूची आठवण होणे अपरिहार्य आहे. वारकरी परंपरेने कर्त्याचे नाव रचनेच्या अंगातच कोरले. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा हा आमच्या अध्यापनाचा नेहमीचा विषय. परंतु गाथेच्या बाबतीत आणखी एक नाव परंपरेने सांभाळले आहे, ते संताजी जगनाडे यांचे. चाकणचे, तेल गाळणाऱ्या घरातले, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. अभंग तुकोबांचे, पण ते कागदावर उतरवणारा हात संताजींचा. त्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास गाथेचे भाग प्रसिद्ध केले, आणि पाठचिकित्सा करणाऱ्याला आजही 'जगनाडी वही' टाळून पुढे जाता येत नाही. म्हणजे शब्द ज्याचा त्याचे नाव, आणि ज्याच्या हाताने तो टिकला त्याचेही नाव, अशी जोडी लावण्याची रीत आपल्याला अपरिचित नव्हती. इंद्रायणीकाठी ती तीन-साडेतीन शतके चालत आली आहे. ती शब्दांपुरती राहिली, वस्तूंपर्यंत पोहोचली नाही, एवढेच.

का पोहोचली नाही? याचे एक उत्तर त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या पानापानांत आहे. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुताराची गणना होई. नांगर, कुळव, गाडी, घराची दारे हे सारे त्याचे काम. मोबदला खळ्यावर धान्याने. गावात सुताराचे घर एखाद-दुसरे, तेव्हा वस्तूवर नाव घालण्याची गरज कोणाला? नाव न घालताही कर्ता गावाला ठाऊक असे. पण या ओळखीची दुसरी बाजूही आहे, आणि हातकामाविषयी हळवेपणाने लिहिणारे आपण लेखक ती बहुधा गाळतो. वेग्नर हे चांभाराचे चिरंजीव. त्यांना लाकूड आवडले, ते कोवळ्या वयात एका सुताराकडे उमेदवारीला राहिले आणि सुतार झाले. आपल्या गावगाड्यात चांभाराच्या मुलाला रंधा हाती घेता आला असता काय? ज्या व्यवस्थेत धंदा जन्माने मिळतो, तेथे कौशल्य हे व्यक्तीचे कर्तृत्व न राहता जातीचे लक्षण होऊन बसते; मग नाव कोणाचे घालणार? तेव्हा बलुत्याच्या दिवसांकडे वळून उसासे टाकण्यात अर्थ नाही. ते दिवस गेले ते बरेच झाले. प्रश्न असा, की त्या दिवसांबरोबर कौशल्यही निनावीच निघून जाणार काय?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी बोलीतील व्यवसायशब्द हा विषय घेतला. कोणता व्यवसाय, असे विचारता ती म्हणाली, "वडील सुतारकाम करतात, सर." तिच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे 'मजुरी' असे लिहिलेले होते. दोन्ही खरे होते. वडील पिढीजात सुतार. पण गेली अनेक वर्षे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रे पाठवण्याच्या लाकडी पेट्या आणि पॅलेट ठोकतात. वाऱ्याच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने खिळे मारायचे आणि नगावर पैसे घ्यायचे. वाकस, रंधा, पटाशी, गुण्या घरी पोत्यात बांधून ठेवलेले. रविवारी कोणाचे दार घासत असेल, कोणाचा पाट हलत असेल, तर ते पोते सुटते.

त्या पेट्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी पेटीतून कीड जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे : लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापवायचे आणि त्यावर शिक्का मारायचा. शिक्क्यात गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि उत्पादकाचा नोंदणी क्रमांक असतो. परदेशातून आलेल्या पेट्यांवरही तोच शिक्का. त्या मोडून निघालेल्या पाइनच्या फळ्या या पट्ट्यात विकल्या जातात आणि त्यांची टेबले, पलंग, कपाटे होतात. कुदळवाडी-चिखलीत अशा मालाचा मोठा पसारा होता. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील हजारो पत्राशेड पाडल्या, तेव्हा त्यांतही किती हातांची कामे मोडली असतील. पण शिक्क्याकडे पाहा. फेकून द्यायच्या पेटीवर ती कोठून आली याची खूण आहे. पिढ्यान्पिढ्या वापरायच्या खुर्चीवर नाही.

गेल्या वर्षी विभागाच्या वाचनकक्षासाठी सहा खुर्च्या हव्या होत्या. मंडपात असतात तशा प्लास्टिकच्या खुर्च्या स्वस्त पडल्या असत्या. त्यांची निंदा आम्ही करणार नाही. बिजेच्या सोहळ्यात देहूला जमणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे त्यांनीच सांभाळले आहेत. पण त्या एकाच साच्यातून एकसंध निघतात. त्यांना सांधा नाही, म्हणून दुरुस्तीही नाही. तडा गेला की संपले. प्राचार्यांनी रीतसर मंजुरी दिली आणि काम या मिस्त्रींकडे गेले. लाकूड त्यांनी जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या तुळयांचे आणले, शंभर वर्षे मुरलेले सागवान. पहिली खुर्ची व्हायला तीन रविवार लागले. एका रविवारी आम्ही त्यांना मोबाइलवर वेग्नर यांच्या खुर्चीचे छायाचित्र दाखवले. त्यांनी संपूर्ण खुर्ची क्षणभर पाहिली आणि मग दोन बोटांनी चित्र मोठे करत नेमके पाठीवरच्या दातेरी सांध्यावर जाऊन थांबले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"सर, सांधा उघडा ठेवलाय," ते म्हणाले. "त्याला छाती लागते."

साहित्याच्या समीक्षेत रचना, घाट, संघटन असे शब्द आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत. एवढ्या थोड्या शब्दांत एवढा अचूक अभिप्राय आम्ही वर्गात दिल्याचे आठवत नाही. त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच. तिने शब्द गोळा केले ते नुसते हत्यारांचे नव्हेत, निर्णयांचे आहेत : लाकूड केव्हा 'बोलते', फळी कोणत्या अंगाला 'खाते', सांधा केव्हा 'श्वास घेतो'. हे शब्द गेले तर त्यांनी घेता येणारे निर्णयही जातील.

खुर्च्या पुऱ्या झाल्यावर आम्ही सुचवले, की बैठकीच्या खालच्या बाजूला पटाशीने नाव कोरावे. मिस्त्री हसले. "नाव कशाला, मॅडम? खुर्ची हलायला लागली की मला फोन येतोच. फोन आला नाही तर समजायचे, एक तर खुर्ची चांगली आहे, नाहीतर फेकून दिली." यावर आम्हा दोघांत घरी बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, ही त्यांची विनम्रता नसून पिढ्यांची सवय आहे आणि ती मोडलीच पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे, नाव कोरण्याचा आग्रह हा आपल्या लेखक जमातीचा रोग आहे. त्यांना स्वाक्षरीपेक्षा वस्तूशी चालू राहणारा संबंध मोलाचा वाटतो, तो आपण समजून घ्यावा. वाद मिटलेला नाही. मात्र एका गोष्टीवर एकमत झाले : फोन यायचा असेल तर तो कोणाला करायचा हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. आम्ही बदलून जाऊ, निवृत्त होऊ. सागवान आमच्यापेक्षा अधिक टिकेल.

महाविद्यालयात जडवस्तूंची नोंदवही असते. बोलताना सगळे तिला 'डेडस्टॉक' म्हणतात. तिच्यात वस्तू, नग, दर, बिलाचा क्रमांक आणि पुरवठादार असे रकाने असतात. करणाऱ्यासाठी रकाना नाही. शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्यात पुढे कधीतरी 'मोडली', 'निर्लेखित' असे लिहायचे असते. सहा खुर्च्यांच्या नोंदीपुढे त्या रकान्यात आम्ही मिस्त्रींचे पूर्ण नाव, गाव आणि 'सुतार, दुरुस्तीसाठी यांनाच बोलवावे' असे लिहिले. कार्यालयातील लिपिकांनी विचारले, "हिशेब तपासणीत विचारले तर काय सांगायचे?" हा शेराच आहे, असे सांगावे, असे आम्ही म्हटले. मिस्त्रींना ते दाखवले. त्यांनी ओळ वाचली, दूरध्वनी क्रमांकातील एक आकडा दुरुस्त करायला लावला आणि मान डोलावली. लेखात मात्र आपले नाव नको म्हणाले. वहीत असू द्या, वही उघडणाऱ्याला खुर्चीशी काम असते. म्हणून येथे ते नाही.